‘मत बदललं’ असं लिहिण्याआधी विचारायचे चार प्रश्न

गेल्या मे महिन्यात मी पालीला घरी होते. आमचं पाली म्हणजे रत्नागिरीचं, बल्लाळेश्वराचं नव्हे. मुंबई-गोवा महामार्गावरून कोल्हापूरची वाट जिथे फुटते, ते पाली. सहामाही प्रगती अहवाल लिहायचा होता, आणि तो टाळायचा म्हणून मी माळ्यावरचा कॅसेटचा खोका खाली काढला. (संशोधन करणाऱ्या माणसाचं घर सगळ्यात स्वच्छ असतं, ते अहवालाच्या आठवड्यात. तुम्हालाही कळेल लवकरच.)

खोक्यात ‘गीतरामायण’ होतं. जुना टेपरेकॉर्डर चालू झाला, फीत एकदा अडकली, पेन्सिलीने फिरवून घेतली आणि लावली. माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पडवीत झोपाळ्यावर होते. दोन-तीन गाणी झाली तेव्हा ते आतल्या अंगाला वळून म्हणाले, “अगो, ही ती नव्हेत.”

“कोण ती नव्हेत?”

“गाणी हीच. पण सीता बाईच्या आवाजात गायची.”

मी कॅसेटचं वेष्टन त्यांना वाचून दाखवलं. गायक सुधीर फडके. सगळी गाणी त्यांचीच. अण्णा काही बोलले नाहीत. मी वहीत लिहिलं: ‘स्मृतिदोष. वय ८७.’

हा लेख त्या नोंदीबद्दल आहे. आणि माझ्या सिनॉप्सिसमधल्या एका वाक्याबद्दल, जे त्या नोंदीइतकंच घाईने लिहिलेलं होतं.

वाक्य आणि त्याची फजिती

माझा विषय मराठी ध्वनिमुद्रित संगीताचं स्वागत. म्हणजे एखादी तबकडी, एखादी गाणी आली तेव्हा लोक काय म्हणाले, जाणकारांनी काय लिहिलं आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ते बोलणं कसं बदलत गेलं. सिनॉप्सिसमध्ये मी एक वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने टाकलं होतं: ‘आरंभी समीक्षकांनी दूषणं दिलेल्या अनेक गीतसंचांविषयीचं मत कालांतराने बदललं व आज ते अभिजात मानले जातात.’

वाचायला छान वाटतं. समितीपुढे वाचलं तेव्हा एका सरांनी एवढंच विचारलं, “कुणाचं बदललं?”

मी म्हटलं, “समीक्षकांचं.”

“त्याच समीक्षकांचं?”

मी गप्प. कारण १९३० च्या दशकात टीका करणारा माणूस वेगळा होता आणि १९९० च्या दशकात कौतुक करणारा वेगळा. पहिल्याने आपलं मत कधी बदललं असेल तर त्याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. मी दोन माणसांची दोन मतं शेजारी ठेवली होती आणि मध्ये ‘बदललं’ हे क्रियापद घातलं होतं. ते क्रियापद माझं होतं, पुराव्याचं नव्हतं.

संगीतच नव्हे, कादंबरी, सिनेमा, चित्रकला, कशाच्याही स्वागताचा अभ्यास करायचा असेल तर हा खड्डा तुमच्याही वाटेत आहे. तो ओलांडायला मला चार प्रश्न उपयोगी पडले. बोलतंय कोण? कशाबद्दल बोलतंय? कोणत्या मापाने मोजतंय? आणि कोणत्या निमित्ताने? एकेक घेऊ.

पहिला प्रश्न: बोलतंय कोण?

हा समजायला आधी बाहेरचं एक उदाहरण घेते, कारण तिथे आकडे स्वच्छ मिळतात. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन मासिकाने २००३ साली सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमची यादी छापली. पहिल्या क्रमांकावर बीटल्सचा १९६७ चा ‘सार्जंट पेपर्स’. २०१२ च्या सुधारित यादीतही तोच पहिला. २०२० साली यादी पुन्हा केली, तेव्हा तो घसरून २४ वर गेला आणि मार्विन गेचा १९७१ चा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला. लॉरिन हिलचा १९९८ चा अल्बम २०१२ साली ३१४ वा होता, तो २०२० ला थेट १० वा.

बातम्या काय आल्या? ‘बीटल्सची जादू ओसरली.’ आता आपण संशोधक म्हणून बघू. २००३ ला मतदान केलं होतं २७३ जणांनी. २०२० ला मासिकाने यादी नुसती दुरुस्त केली नाही, नवं मतदान घेतलं, तीनशेहून अधिक जणांचं, आणि त्यात तरुण कलावंत, वेगळ्या परंपरांमधले लोक मुद्दाम घेतले. म्हणजे २००३ च्या मतदाराने बीटल्सवरचं प्रेम आवरलं, असं या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. मतदारयादी बदलली, एवढं नक्की सिद्ध होतं.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही आपण हे ओळखतो. वॉर्डाची हद्द बदलली आणि निकाल फिरला, तर ‘लोकांचं मन फिरलं’ असं कुणी जाणता माणूस लगेच म्हणत नाही. मग प्रबंधात का म्हणायचं?

यातली गंमत अशी की मतदारयादी बदलणं हीसुद्धा मोठी घटना आहे. कुणाला बोलायची जागा मिळाली, हा संगीताच्या इतिहासाचाच भाग. फक्त त्याला त्याच्या नावाने हाक मारायची.

इथे मराठीतल्या अभ्यासकाला एक व्यावहारिक अडचण येते. आपले जुने लेखक टोपणनावाने लिहीत. केशवराव भोळे स्वतः संगीतकार. त्यांनी ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या नावांनी संगीतावर लिहिलं. तुम्ही सूचीत फक्त ‘भोळे’ शोधलंत तर अर्धा माणूस हातातून निसटतो. उलट ‘एकलव्य’ला स्वतंत्र समीक्षक मानलंत, तर एका माणसाची दोन मतं मोजलीत. म्हणून पहिल्या महिन्यात एक काम कराच: आपल्या कालखंडातल्या टोपणनावांची यादी. कंटाळवाणं आहे, पण हे काम पुढे फार वाचवतं.

दुसरा प्रश्न: कशाबद्दल बोलतंय?

आता अण्णांकडे परत येते.

‘गीतरामायण’ची जन्मकथा तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर १९५५ च्या रामनवमीला सुरू झालं, दर आठवड्याला एक नवं गाणं. वर्षभराचा बेत होता. त्या वर्षी अधिक महिना आला आणि गाणी ५६ झाली. हे सगळं मला पाठ होतं. अण्णा तेव्हा अठरा वर्षांचे, पुण्यात मामांकडे राहून एका दुकानात कामाला, आणि शेजारच्या वाड्यात रेडिओ होता. हेही मला ठाऊक होतं.

जे ठाऊक असूनही मी जोडलं नव्हतं ते असं: मूळ प्रसारणात सगळी गाणी एका आवाजात नव्हती. माणिक वर्मा, लता मंगेशकर, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, राम फाटक असे अनेक गायक होते. पात्राप्रमाणे आवाज. पुढे बाबूजींनी हे सगळं एकट्याने गात गावोगाव कार्यक्रम केले, तबकड्या त्यांच्या आवाजात निघाल्या, त्यावरून कॅसेटी आल्या. आज ‘गीतरामायण’ म्हटलं की बहुतेकांच्या कानात तोच एक आवाज येतो.

म्हणजे सीता खरोखरच बाईच्या आवाजात गायची. अण्णांची आठवण शाबूत होती. अपुरं होतं ते माझं वेष्टन.

यातून प्रबंधापुरता धडा असा. १९५५ साली कुणी ‘गीतरामायण’बद्दल लिहिलं, तर ते एका आठवड्याला एक गाणं ऐकून, अनेक आवाजांत, पुढचं गाणं काय असेल याची वाट बघत लिहिलेलं आहे. कॅसेटच्या काळात कुणी लिहिलं, तर ते एका आवाजात, सलग, हवं तेव्हा मागे-पुढे करून ऐकलेलं आहे. नाव एक, वस्तू दोन. या दोघांच्या मतांत फरक पडला, तर तो काळामुळे पडला की वस्तूमुळे, हे आधी सोडवायला हवं.

नाट्यगीतांत हा पेच आणखी घट्ट आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटं मावत. रंगभूमीवर तेच पद वन्समोअर घेत घेत कितीतरी लांबायचं. बालगंधर्वांना थिएटरात ऐकलेला माणूस आणि त्यांना फक्त तबकडीवर ऐकलेला त्याचा नातू ‘बालगंधर्वांचं गाणं’ हे शब्द वापरतात तेव्हा दोघांच्या मनात वेगळी लांबी असते, वेगळा विस्तार असतो. नातू म्हणाला, “काय नेमकं, आटोपशीर गातात!” तर आजोबा हसतील.

आमच्या जिल्ह्यातलं उदाहरण सांगते. सावरकरांना रत्नागिरीत स्थानबद्ध ठेवलं होतं, त्या काळात त्यांनी ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक लिहिलं. १९३१ मध्ये ते बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणलं; संगीत वझेबुवांचं, गायला मास्टर दीनानाथ. आज त्या नाटकाचा प्रयोग बघितलेला माणूस शोधावा लागेल. त्यातली पदं मात्र मैफलींत गायली जातात. मग आज या पदांचं जे कौतुक होतं, ते १९३१ च्या नाट्यपरीक्षणाशेजारी ठेवून ‘मत सुधारलं’ म्हणता येईल का? परीक्षण लिहिणारा संपूर्ण नाटक तोलत होता: कथा, संवाद, वाद, अभिनय. आपण तोलतोय एक पद.

तिसरा प्रश्न: कोणत्या मापाने?

समजा माणूस ओळखला, वस्तू ओळखली. तरी एक गोष्ट उरते. दोघं एकाच वस्तूला दोन वेगळ्या काट्यांवर घालतात.

मराठी नाट्यसंगीताची गोष्टच बघा. १८८० साली किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं. साकी, दिंडी, कीर्तनातल्या चाली, असं लोकांच्या ओठावरचं संगीत. १८९६ च्या ‘वीरतनय’मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीच्या वळणाच्या चाली आणल्या. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी ठुमरीच्या अंगाचं संगीत दिलं. १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये भास्करबुवा बखल्यांनी रागदारी आणली. दर वेळी माप थोडं सरकत गेलं: आधी ‘चाल ओठावर बसते का’, मग ‘चाल नवी आहे का’, मग ‘गायकी किती पक्की आहे’.

आणि गायकी पक्की होत गेली तसा तक्रारीचा सूर वाढला की गाण्याने नाटक गिळलं. नायिकेवर संकट कोसळलंय आणि ती ताना घेतेय, प्रेक्षक वन्समोअर देतायत, कथा ताटकळत उभी. ही तक्रार खोटी नव्हती. तिच्यातूनच १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था उभी राहिली आणि ‘आंधळ्यांची शाळा’ आलं. थोडी, छोटी, भावगीताच्या जवळची गाणी. संगीत केशवराव भोळ्यांचं, गायिका आणि अभिनेत्री ज्योत्स्ना भोळे.

आता तीच पदं, ज्यांनी ‘नाटक गिळलं’, त्यांच्या काळाला आपण आज संगीत रंगभूमीचा सुवर्णकाळ म्हणतो. सिनॉप्सिसमध्ये मी ‘मत बदललं’चा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणून हेच दिलं होतं! पण नीट पाहा. १९३० च्या टीकाकाराचं म्हणणं होतं: हे संगीत म्हणून उत्तम असेल, नाटक म्हणून वाईट आहे. आजचा रसिक म्हणतो: हे संगीत म्हणून उत्तम आहे. नाटकाबद्दल तो बोलतच नाही, कारण त्याच्यासमोर नाटक नाहीच. दोन विधानांत विरोध कुठे आहे? दोघांची भेट घडवली तर बहुधा ते एकमेकांशी सहमत होऊन चहा प्यायला जातील.

यासाठी एक संकल्पना तुमच्या कामाची आहे. हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने १९६७ मध्ये ‘अपेक्षांचं क्षितिज’ ही कल्पना मांडली. साध्या भाषेत: कुठलीही कलाकृती समोर येते तेव्हा प्रेक्षकाच्या मनात आधीच काही अपेक्षा तयार असतात, आधी पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींतून आलेल्या. मत म्हणजे त्या अपेक्षा आणि ती कलाकृती यांच्यामधलं अंतर. काळ गेला की कलाकृती तीच राहते (राहिली तर!) आणि क्षितिज सरकतं. म्हणून एखादं जुनं परीक्षण वाचताना ‘याला कळलं नाही’ असं म्हणण्याआधी, याला काय अपेक्षित होतं, हे त्याच्याच लेखातून शोधून लिहायचं. बहुतेक वेळा पहिल्या परिच्छेदात सापडतं.

१९६० च्या दशकात हे क्षितिज पुन्हा सरकलं. ‘पंडितराज जगन्नाथ’ १९६० चं, ‘मत्स्यगंधा’ १९६४ चं, ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ चं. शेवटच्या दोन्हींचं संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यांनी पदं आटोपशीर ठेवली, प्रसंगाला बांधली. १९३३ ची टीका पचवून झालेलं हे संगीत आहे, असं मी म्हणेन. म्हणजे टीका ‘चुकीची ठरून’ मागे पडत नाही. काही वेळा ती पुढच्या माणसाच्या कामात शिरते. हे वाक्य मात्र माझं मत आहे, त्याच्यासाठी पुरावा गोळा करणं चालू आहे.

चौथा प्रश्न: कोणत्या निमित्ताने?

हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकाने दिला नाही. रत्नागिरीच्या जिल्हा नगर वाचनालयात बसून जुने अंक चाळताना सुचला. (१८२८ सालचं वाचनालय आहे. आजूबाजूच्या कुणाचा विषय एकोणिसाव्या-विसाव्या शतकातला असेल आणि तो तिथे गेला नसेल, तर त्याने आधी तिकडे जावं.)

मी कात्रणं तारखेप्रमाणे लावली होती. तशी लावल्यावर चित्र सुंदर दिसत होतं: आधी टीका, मग थोडी सौम्य टीका, मग कौतुक, मग निव्वळ पूजा. नंतर सहज म्हणून तीच कात्रणं निमित्ताप्रमाणे लावली. नव्या प्रयोगाचं परीक्षण एका गठ्ठ्यात, षष्ट्यब्दी आणि अमृतमहोत्सवाचे लेख दुसऱ्यात, मृत्युलेख तिसऱ्यात, जन्मशताब्दीचे चौथ्यात. आणि चित्र कोसळलं. सुरुवातीच्या वर्षांत जवळजवळ सगळी परीक्षणं होती, शेवटच्या वर्षांत जवळजवळ सगळे गौरवलेख.

मृत्युलेखात कोण टीका करतं? आपल्याकडे तर गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हा संस्कारच आहे. शताब्दीच्या विशेषांकाचा संपादक लेख मागवतो तेव्हाच ‘चार शब्द गौरवाचे’ असं कळवतो. तेव्हा टीकेकडून कौतुकाकडे झालेला जो प्रवास मला दिसत होता, त्यातला मोठा वाटा एका लेखनप्रकाराकडून दुसऱ्या लेखनप्रकाराकडे झालेला प्रवास होता.

यावर उपाय सोपा आहे. तुलना करायची तर एकाच गठ्ठ्यातली करा. १९३५ चं प्रयोगाचं परीक्षण आणि १९८५ चं पुनरुज्जीवित प्रयोगाचं परीक्षण. एका कलावंताचा मृत्युलेख आणि दुसऱ्याचा मृत्युलेख. मग जो फरक उरेल तो खरा.

शिवाय एक लक्षात घ्या. आपल्याकडे फक्त तबकडीचं परीक्षण लिहायची रीत पाश्चात्त्य रॉक मासिकांसारखी रुजली नाही. त्यामुळे मतं विखुरलेली सापडतात: नाट्यपरीक्षणात दोन ओळी, आत्मचरित्रात एक पान, दिवाळी अंकात एक आठवण, वाचकांच्या पत्रव्यवहारात एक ठसका. निमित्त ओळखल्याशिवाय यांची बेरीज करणं म्हणजे पायली आणि लिटर एकत्र मोजणं.

मग मत कधीच बदलत नाही का?

बदलतं. म्हणून तर हा विषय आहे. चारही चाळण्या लावल्यावर जे उरतं, ते खरं बदललेलं मत, आणि ते थोडं असलं तरी मोलाचं असतं. मला त्याची तीन रूपं भेटली.

एक, संस्था स्वतः कबूल करते. ‘पिचफोर्क’ या संगीतपत्रिकेने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्याच १९ जुन्या परीक्षणांचे गुण बदलले. डाफ्ट पंकच्या ‘डिस्कव्हरी’ला आधी ६.४ दिले होते, ते १० केले. इथे वस्तू तीच, माप दहापैकी गुणांचं तेच, निमित्तही उघड. तरी पहिला प्रश्न विचाराच: नवे गुण देणारा जुनाच परीक्षक होता का? पत्रिकेचं नाव एक असलं तरी वीस वर्षांत आतली माणसं बदलतात.

दोन, एकच लेखक दोन काळांत एकाच गोष्टीवर लिहितो. असे जोडलेख दुर्मीळ. सापडले तर एका लेखावर अख्खं प्रकरण उभं राहू शकतं. लेखसंग्रहाची दुसरी आवृत्ती मिळाली की पहिलीशी ओळ न् ओळ ताडून बघा. वगळलेलं एक विशेषण कधीकधी नव्या प्रस्तावनेपेक्षा जास्त सांगतं.

तीन, आणि हे मला सगळ्यात आवडतं: मत लिहून नव्हे, गाऊन बदललं जातं. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला. शीर्षकातला ‘उमजलेले’ हा शब्द बघा. नक्कल नाही, स्मरणरंजन नाही. हे मी वाचलेले बालगंधर्व, असं म्हणणं आहे. ही समीक्षाच झाली, फक्त स्वरांतली. ‘कट्यार’वर २०१५ साली चित्रपट आला, त्यात जुनी पदं आणि शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी शेजारी ठेवली गेली; तेही एक भाष्यच होतं, पटो वा न पटो. केवळ छापील कागदावर भिस्त ठेवलीत तर असं पुनर्मूल्यांकन तुमच्या यादीत येणारच नाही.

जे कागद सापडत नाहीत

शेवटची अडचण सगळ्यात अवघड. ज्याच्याबद्दल आधी चांगलं-वाईट काहीच छापलं गेलं नाही, त्याच्याबद्दलचं मत ‘बदललं’ हे कसं दाखवणार?

सुलोचना चव्हाण यांच्या लावण्या घराघरांत पोचल्या होत्या. त्यांना पद्मश्री मिळाली २०२२ साली, आयुष्याच्या अगदी अखेरीला. मधल्या दशकांत लोकांना त्या आवडत नव्हत्या असं कोण म्हणेल? आवडत होत्या, पण ज्या पानांवर ‘संगीत’ या शीर्षकाखाली लिहिलं जायचं, तिथे लावणीला बैठक कमी मिळायची. तेच कॅसेटवर गाजलेल्या भीमगीतांचं, लोकगीतांचं. इथे मत बदललं म्हणण्यापेक्षा दार उघडलं म्हणणं जास्त खरं.

आमच्या खोक्यातही हे दिसलं. नाट्यगीतं, अभंग, गीतरामायण यांच्या कॅसेटी वेष्टनासकट जपलेल्या. तळाशी मात्र जाखडीच्या आणि शिमग्यातल्या गाण्यांच्या चार-पाच, कुणीतरी घरी भरून घेतलेल्या, वेष्टन नाही, नाव नाही, एकीवर नुसतं ‘गणपती’ असं बॉलपेनने. कुठली जपायची हे आमच्या घरानेही कधीतरी ठरवलं होतंच. तुमच्या पुराव्याचा खोका कुणी भरला, हे प्रबंधात लिहा. त्याने प्रबंध दुबळा होत नाही.

उद्यापासून काय कराल?

एक वही घ्या किंवा संगणकावर तक्ता करा. प्रत्येक मतासाठी एक ओळ, आणि सहा रकाने:

१. कुणाचं मत (टोपणनाव असेल तर मूळ नाव)
२. कुठे आणि केव्हा छापलं वा सांगितलं
३. काय ऐकून: प्रयोग, रेडिओ, तबकडी, कॅसेट, चित्रपट
४. केव्हा ऐकलेलं
५. कशाच्या अपेक्षेने, त्याच्याच शब्दांत
६. निमित्त

यातले दुसरा आणि चौथा रकाना वेगळे ठेवले आहेत ते मुद्दाम. अण्णांनी १९५५ साली ऐकलं आणि मला जवळजवळ सत्तर वर्षांनी सांगितलं. या दोन तारखांमध्ये किती कॅसेटी, किती कार्यक्रम, किती गप्पा येऊन गेल्या असतील. त्यांच्या सांगण्याला तपासावं लागतंच. दुसऱ्या एका गाण्याची गायिका त्यांनी चुकीची सांगितली, तेही मी नोंदवलंय. पण तपासणं आणि आधीच ‘स्मृतिदोष’ असा शिक्का मारणं यांत फरक आहे. मी त्यांचं वय लिहिलं आणि काम झालं असं समजले. वेष्टनाचं वय मात्र विचारलं नाही.

पन्नासेक ओळी भरल्या की मगच ‘बदललं’ हे क्रियापद वापरा. अनेकदा त्याच्या जागी दुसरं बसेल: बोलणारे बदलले, वस्तू बदलली, माप बदललं, निमित्त बदललं. वाक्य लांबेल, समितीपुढे थोडं कमी दिमाखदार वाटेल, पण कुणी “कुणाचं?” विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असेल. माझं ते वाक्य आता अर्ध्या पानाचं झालंय.

गणपतीत घरी गेले तेव्हा अण्णांना सांगितलं, की मूळ रेडिओवर खरंच बायकांचे आवाज होते, मी तसं प्रबंधात घातलंय.

“म्हणजे माझं बरोबर होतं?”

“हो.”

“ते मला ठाऊकच होतं,” ते झोपाळ्याला पायाने रेटा देत म्हणाले. “तुझ्या वहीत काय लिहिलं होतंस ते सांग.”